अज्ञात कार्यपद्धती विभाग

माणूस दुपारी बारा वाजता जेवतो. ही गोष्ट फ्रान्समध्ये कुणाला सांगावी लागत नाही. पण ल्यों शहरातली आमची निद्रा-जागृती संस्था सरकारी, त्यामुळे तिथं ती लेखी सांगितलेली आहे. बारा ते दोन या वेळात कर्मचाऱ्यानं कामाच्या जागी थांबू नये, कामाच्या टेबलावर खाऊ नये, आणि विजेचं कोणतंही यंत्र माणसाच्या गैरहजेरीत चालू ठेवू नये, असा तो नियम. यंत्राचं कलम मागाहून जोडलं. एकदा सगळे जेवायला गेले असताना कॉफीच्या यंत्रानं पेट घेतला, आणि बंबाला फोन करायला दोन वाजेपर्यंत इमारतीत कुणी नव्हतं. चौकशी समितीनं ठपका यंत्रावर ठेवला.

हे सांगणारा त्याच संस्थेत पगार खातो, तेव्हा यात कुणाची निंदा करायचा हेतू नाही. खाल्ल्या मिठाला जागावं असं आमच्यात मानतात, आणि मीठ आम्ही बारा ते दोन व्यवस्थित खातो.

डॉक्टर फेलिसियाँ मोरेल या संस्थेत अज्ञात कार्यपद्धती विभागाचे प्रमुख होते. विभागाचं नाव ऐकून बाहेरचे लोक हसत. मोरेल त्यांच्या आधी हसून घेत. भानगड अशी होती की काही माणसांना बसल्या जागी, बोलता बोलता, हातात घास असताना झोप लागते. हा आजार आहे, आळस नव्हे. अशांना जागं ठेवणारी एक गोळी निघाली. गोळी गुणाची. ती मेंदूत जाऊन नेमकं काय करते ते मात्र ठाऊक नव्हतं. ते शोधायला सरकारनं हा विभाग काढला, आणि जोवर ते कळत नाही तोवर दरवर्षी अनुदान द्यायचं ठरवलं. अशा अटीवर माणूस काय शोधणार, हे शेंबडं पोरही सांगेल. विभागात स्वतः मोरेल, त्यांच्या सहायिका मादाम ओडिल शापुई आणि उंदीर एवढीच मंडळी. वर्षअखेर मोरेल वर कळवत की कार्यपद्धती यंदाही अज्ञात आहे. मग अनुदान येई आणि उंदरांसकट सगळे जेवत.

"मला काही माहीत नाही, एवढंच मी आयुष्यात सिद्ध केलं," मोरेल बायकोला म्हणत. "तेही दरवर्षी नव्यानं."

"ते मी लग्नाआधीच आईला सांगितलं होतं," सोलांज म्हणे. "त्यासाठी सरकारचा पैसा कशाला घालवलास?"

मोरेल यावर मनापासून हसत. पण रात्रीची भांडी पुसताना कधीकधी त्यांना वाटे, की मरायच्या आधी एखादी, अगदी करंगळीएवढी का होईना, गोष्ट आपल्याला कळावी. मग त्यांना स्वतःचंच हसू येई आणि ते पुढची बशी घेत.

संस्थेत एक शब्द उच्चारायची पद्धत नव्हती. तो म्हणजे डोपामीन. हे मेंदूतलं एक द्रव्य. त्याच्यामुळे माणसाला तरतरी येते, हुरूप येतो, आणि जे केल्यानं हुरूप आला ते पुन्हा करावंसं वाटतं. कोकेनवाले याच द्रव्याच्या मागे लागलेले असतात. त्यामुळे डोपामीन म्हटलं की मंत्रालयाला कोकेन आठवे, कोकेन आठवलं की अमली औषधांचं दोन कुलपांचं कपाट आठवे, आणि गोळी एकदा त्या कपाटात गेली की तिच्या पत्रकावरचं 'सवय लागत नाही' हे वाक्य काढावं लागलं असतं. आमचे संचालक प्रोफेसर ग्राँजाँ यांनी म्हणून फार वर्षांपूर्वीच सिद्धांत मांडला होता, की ही गोळी मेंदूत सगळीकडे जाते, फक्त डोपामीनकडे जात नाही. सरकारी माणूस जसा सगळीकडे जातो पण तक्रार आली त्या गल्लीत जात नाही, तसं. सिद्धांताला पदक मिळालं. तेव्हापासून डोपामीनला संस्थेत 'ते द्रव्य' म्हणत.

सिद्धांताला पुरावा होता, आणि तो मोरेलांच्याच विभागातून गेलेला होता. तो समजायला मेंदूतला वेटर समजला पाहिजे. शब्द मोरेलांचा, त्यांना जेवणाबाहेरच्या उपमा सुचत नसत. मेंदूतल्या दोन पेशींमध्ये एक बारीक फट असते. पहिली पेशी त्या फटीत डोपामीन वाढते, दुसरीला ते चाखून तरतरी येते, आणि लगेच पहिल्या पेशीचा वेटर पुढं होऊन उरलेलं सगळं उचलून आत घेऊन जातो. वेटर कर्तव्यदक्ष असतो, म्हणून तर आपण दिवसभर खिदळत नाही. आता कुणी त्या वेटरची बाही धरून ठेवली तर टेबलावरचं टेबलावरच राहील आणि माणूस टक्क जागा राहील. गोळी असंच करत असेल का, असा जुना संशय होता.

संशय फेडायला अमेरिकेतून खास उंदीर आणवले होते. हे उंदीर जन्मतःच वेटरविना. त्यांच्या मेंदूत ताटं कधी उचललीच जात नसत, त्यामुळे स्वभावानं ते जरा उपद्व्यापी. पण दुपारच्या वेळी तेही इतर उंदरांसारखे झोपत. हिशेब सोपा होता. गोळी जर वेटरची बाही धरत असेल, तर ज्याला वेटरच नाही त्याच्यावर ती चालणार नाही आणि तो झोपून राहील. म्हणून दोन्ही जातींच्या उंदरांना जेवणाआधी गोळी द्यायची, नोंद ठेवणारी यंत्रं बंद करायची, जेवायला जायचं, आणि दोनला येऊन बघायचं. दोनला येऊन बघावं तर सगळे जागे. वर्षानुवर्षं सगळे जागे. म्हणजे वेटर असो वा नसो, गोळी चालतेच. म्हणजे डोपामीनचा संबंध नाही. याहून स्वच्छ पुरावा फ्रान्सच्या विज्ञानात झाला नव्हता, असं पदक देताना सांगितलं गेलं.

संस्थेच्या मागच्या झाकलेल्या बाजारात मादाम बादोर या चीजवालीचा गाळा होता. ती या गोळीची जुनी रुग्ण. एके काळी गिऱ्हाईकाशी बोलता बोलता तिला झोप लागायची आणि तोंड साँ-मार्सलँच्या मऊ चीजमध्ये जायचं. गिऱ्हाईकं ते चीज तसंच घ्यायची, कारण तिचं चीज चांगलं होतं. गोळीनं तिचा धंदा वाचवला. मोरेल दर आठवड्याला तिच्याकडे जात, आणि अलीकडे ती त्यांना सुटे पैसे देताना एकच प्रश्न विचारी.

"डॉक्टर, खरं सांगा. आधी मी दुकानात झोप लागू नये म्हणून गोळी घ्यायचे. आता सोमवारी बाजार बंद असतो तरी घेते. घरात काडीचं काम नसतं. पण नाही घेतली तर दिवस अळणी लागतो. आणि एक घेतली की वाटतं, अजून अर्धी घ्यावी. हे बरं का?"

"पत्रकात लिहिलंय ना, मादाम, सवय लागत नाही म्हणून."

"पत्रक मला वाचता येतं हो. मी तुम्हाला विचारतेय."

"कार्यपद्धती अज्ञात आहे," मोरेल म्हणत.

"हे घ्या तुमच्या त्या अज्ञाताला," असं म्हणून ती एक पिकलेलं चीज त्यांच्या पिशवीत टाकी. "बघा तोंड उघडतं का."

एवढ्यावर सगळं सुखानं चाललं असतं. पण मोरेलांची दाढ किडली. दंतवैद्यानं ती उपटली आणि आठवडाभर पातळ खायला सांगितलं. संस्थेच्या जेवणघरात त्या आठवड्यात क्नेल, म्हणजे माशांच्या मऊसूत वड्या, होत्या, वरून मलईदार रस्सा, आणि मागून गुलाबी बदामांची टार्ट. दुसऱ्याला हे खाताना बघत सूप प्यावं, एवढं वैराग्य मोरेलांच्या अंगी नव्हतं. ते पहिल्या दिवशी जेवणघराच्या दारापर्यंत गेले, वास घेतला, आणि मागच्या जिन्यानं चोरासारखे आपल्या विभागात येऊन बसले. इतक्या वर्षांत बारा ते दोन त्या खोलीत बसलेला तो पहिला माणूस.

खोलीत चिटपाखरू नव्हतं. इमारत इतकी गप्प होती की उंदरांच्या नखांचा आवाज येत होता. मोरेलांनी वेळ जावा म्हणून पिंजऱ्यांकडे पाहिलं. साधे उंदीर गोळी घेऊन टक्क जागे, मिशा साफ करत होते. आणि अमेरिकेचे उंदीर, वेटर नसलेले, एकमेकांच्या अंगावर माना टाकून गाढ झोपले होते. गोळी त्यांनाही दिलेली होती. मोरेलांनी डोळे चोळले. जवळ जाऊन हलकेच शीळ घातली. एकानं कान हलवला आणि कूस बदलली.

दोन वाजता संस्था जेवून परत आली. खाली फाटक आदळलं, जिन्यात हसणं उसळलं, दारं धाडधाड लागली, आणि मादाम शापुई खुराकाची लोखंडी गाडी खडखडवत आत आल्या. झाडून सगळे उंदीर दचकून उठले. मादाम शापुईंनी पिंजऱ्यांवरून नजर फिरवली आणि रोजच्यासारखं लिहिलं, सर्व जागे.

"मादाम," मोरेल कोपऱ्यातून म्हणाले, "हे आत्ता तुमच्या गाडीच्या आवाजानं जागे झाले."

मादाम शापुईंनी एकदा उंदरांकडे आणि एकदा साहेबांकडे पाहिलं. "मग? जागे आहेत ना?"

"पण गोळीनं नाही."

"कशानं जागे, असा रकाना नाहीये, डॉक्टर." मग त्यांचा आवाज खाली आला, कारण त्या कामगार संघटनेच्या प्रतिनिधीही होत्या. "तुम्ही बारा ते दोन इथं होता? बरं, हे मी ऐकलेलं नाही."

मोरेल दुसऱ्या दिवशीही आले, तिसऱ्याही. दर दिवशी तेच. मग त्यांनी त्या झोपाळू उंदरांना गोळीऐवजी कॉफीतलं द्रव्य देऊन पाहिलं, तर ते पिंजराभर उड्या मारू लागले. म्हणजे जागं होण्यात त्यांना अडचण नव्हती. कॉफी दुसऱ्या दारानं जाते आणि ते दार त्यांना होतं. गोळी मात्र वेटरची बाहीच धरत होती, आणि बाही नाही तिथं तिचं काही चालत नव्हतं. गोळी डोपामीनवरच काम करते. हे इतकी वर्षं कळलं नव्हतं, कारण ते जेवणाच्या सुटीत घडत होतं.

मोरेल उलट्या बादलीवर बसले आणि त्यांना रडू आलं. आनंदानंच आलं. त्यांना काहीतरी माहीत झालं होतं. ते रडणं संपेपर्यंत दोन वाजत आले आणि त्यांना पुन्हा मागच्या जिन्यानं जावं लागलं.

त्या आठवड्यात मऊ चीज घ्यायला ते बाजारात गेले, तेव्हा गाल अजून सुजलेलाच होता. मादाम बादोरनं तोच प्रश्न विचारला. "पुढच्या खेपेला सांगतो," मोरेल म्हणाले. "या वेळी खरंच सांगतो. तोवर ती वरची अर्धी तेवढी घेऊ नका."

तिनं हातातली सुरी खाली ठेवली. "म्हणजे तुम्हाला कळलंय," ती म्हणाली.

मादाम शापुईंना त्यांनी सगळं सांगितलं, कारण वीस वर्षं ज्या बाईबरोबर काही न शोधण्यात घालवली तिला न सांगणं बरं दिसलं नसतं.

"डॉक्टर, झाकली मूठ सव्वा लाखाची," त्या म्हणाल्या. "आपला विभाग अज्ञाताचा. अज्ञात कळलं की विभागाला टाळं. तुम्हाला कुठंतरी शिकवायला घेतील. मला घोरण्याच्या विभागात टाकतील. मी तीस वर्षं नवऱ्याचं घोरणं फुकटात ऐकलंय, आता पगार घेऊन परक्यांचं ऐकू?"

"आणि चीजवालीचं काय? तिला आपण 'सवय लागत नाही' असं लिहून दिलंय."

"लागेलच असं आहे का?"

"तसं नाही. गोळी बाही हलक्या हातानं धरते, कोकेनसारखी मुरगाळत नाही. बहुतेकांना काही होणार नाही. पण काहींना गोडी लागू शकते, आणि ज्यांना लागतेय त्यांना ते कळायला नको?"

मादाम शापुई बराच वेळ गाडीचं चाक पुसत राहिल्या. "कळायला हवं," त्या शेवटी म्हणाल्या, "पण आपल्याकडूनच कळायला हवं का?"

मोरेल प्रोफेसर ग्राँजाँकडे गेले. प्रोफेसर मोठ्या मनाचे होते आणि तेवढ्याच मोठ्या पोटाचे. आपला सिद्धांत कोसळल्याचं त्यांनी टोस्टला लोणी लावता लावता ऐकलं.

"छान," ते म्हणाले. "परिषदेपुढं मांडा."

"मांडू?"

"अहो, मांडायलाच तर परिषद आहे."

या औदार्याचा अर्थ मोरेलांना ठाऊक होता. परिषद जेवणानंतर भरे. आमच्याकडे कोणतीही गंभीर गोष्ट जेवणाआधी करत नाहीत, कारण उपाशी माणूस घाईनं निर्णय घेतो. जेवण तीन पदार्थांचं, बोजोले वाईन, मग चीज. आणि मग पडदे ओढून सभा. जागृतीवरचं भाषण सुरू झालं की पहिल्या वाक्याला पहिली रांग आणि दुसऱ्याला उरलेल्या रांगा झोपत. शेवटी प्रोफेसर जागे होऊन आभार मानत. त्या सभागृहात आजवर सगळं मांडलं गेलं होतं आणि काहीही ऐकलं गेलं नव्हतं.

पण त्या वर्षी सभेला मंत्रालयाच्या उपसचिव बाई येणार होत्या. मागच्या खेपेला जागृती संस्थेच्या सभागृहातलं घोरणं त्यांनी स्वतः ऐकलं होतं आणि पॅरिसला जाऊन शेरा मारला होता. म्हणून परिपत्रक निघालं: संस्थेची प्रतिष्ठा लक्षात घेता परिषदेच्या सर्व सदस्यांनी सभेपूर्वी संस्थेच्याच गोळीचं सेवन करावं. सेवन ऐच्छिक आहे. न करणाऱ्यांनी कारणं द्यावीत.

कामगार संघटनेनं लगेच हरकत घेतली. आठवड्याला पस्तीस तास कामाचा कायदा नुकताच सरकारी कचेऱ्यांना लागू झाला होता. दुपारची गोळी रात्रीपर्यंत जागं ठेवते. कचेरीच्या आदेशानं आलेली जाग कर्मचारी घरी घेऊन जाणार, म्हणजे तो घरीही कामावरच आहे. बायकोशी बोलताना, टीव्ही बघताना, छताकडे बघताना. वाटाघाटी होऊन असं ठरलं, की आदेशान्वये झालेल्या प्रत्येक जागरणाबद्दल भरपाई रजा मिळेल, आणि ती झोपेसाठीच वापरावी लागेल. सभेच्या दुसऱ्या दिवशी सबंध संस्था झोपायला म्हणून बंद राहणार होती. मंत्रालयानं याला मंजुरी दिली, कारण कर्मचारी झोपलेले आढळण्यापेक्षा रजेवर आढळलेले बरे दिसतात.

मोरेलांना आनंद मावेना. "सोलांज, सगळे जागे असणार आहेत," ते घरी म्हणाले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी जाग्या माणसांशी बोलणार."

"झोपलेल्याला जागं करता येतं, फेलिसियाँ," ती म्हणाली. "झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही."

"सोंगवालेही गोळी घेणार आहेत."

सोलांजनं त्यांचा कोट झटकून दिला आणि टाय नीट केला. तिला नवऱ्याची कीव आली होती आणि अभिमानही वाटत होता.

सभा भरली. पडदे ओढले होते, पण एकही डोळा मिटलेला नव्हता. मोरेलांनी बोलायला सुरुवात केली आणि घोरणं ऐकू येईना म्हणून ते दोनदा अडखळले. मग त्यांना लय सापडली. फट, वेटर, बाही, झोपलेले उंदीर, खडखडणारी गाडी, कॉफी. सदस्य पुढं झुकून ऐकत होते. प्रश्न आले ते अणकुचीदार. मागच्या रांगेतले एक म्हातारे प्राध्यापक, ज्यांचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता, उठले आणि त्यांनी सगळं मोरेलांपेक्षा सोपं करून पुन्हा सांगितलं. "म्हणजे गोळी डोपामीनवरच चालते," ते म्हणाले. सभागृहात तो शब्द पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला गेला. कुणीही हरकत घेतली नाही. सगळ्यांना सगळं कळलं होतं, आणि ते चेहऱ्यांवर दिसत होतं.

मग प्रोफेसर ग्राँजाँ उठले. "डॉक्टर मोरेलांचं काम उत्कृष्ट आहे. एकच खुलासा हवा. हे निरीक्षण कधी केलं?"

"बारा ते दोन," मोरेल म्हणाले. "घटना तेव्हाच घडते."

सभागृहात कुजबुज झाली. सगळ्यांच्या माना मादाम शापुईंकडे वळल्या. त्या उभ्या राहिल्या. नजर जमिनीवर होती.

"संघटनेचा आक्षेप आहे," त्या म्हणाल्या. "बारा ते दोन ही कर्मचाऱ्याची स्वतःची वेळ आहे. त्या वेळात संस्थेचं काम होऊ शकत नाही. झालं असेल तर ते काम नाही."

उपसचिव बाईंनी मान डोलावली. "मंत्रालयाच्या दृष्टीनं त्या वेळी डॉक्टर मोरेल जेवत होते."

"माझी दाढ काढली होती."

"मग उपाशी होते. पण जेवणाच्या सुटीत उपाशी होते. जे दिसलं ते त्यांना खासगी माणूस म्हणून दिसलं. उद्या मला घरी स्वप्न पडलं तर ते सरकारी धोरण होत नाही."

"आणि उंदीर?"

"उंदीरही त्या वेळी कामावर नव्हते," प्रोफेसर म्हणाले.

मग मोरेलांना एकदम साधी गोष्ट सुचली. "मग गोळी सकाळी नऊला देऊ," ते म्हणाले. "अकराला बघू. कामाच्याच वेळेत. उद्याच करून दाखवतो."

त्या सभागृहात इतकी शांतता कधी पसरली नव्हती, सगळे झोपलेले असतानाही. प्रत्येकाला कळलं की यात खोट काढता येत नाही. म्हाताऱ्या प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"उद्या रजा आहे," कुणीतरी म्हणालं.

"आणि नऊला कॉफी असते," प्रोफेसर हळुवारपणे म्हणाले. "वेळापत्रक बदलायला समिती लागेल. समिती नेमू. तोवर माझा ठराव असा: डॉक्टर मोरेलांच्या परिश्रमांमुळे ही कार्यपद्धती आपण समजत होतो त्याहून अधिक अज्ञात असल्याचं निष्पन्न झालं आहे. सबब विभागाचा महाविभाग करावा, जागा वाढवाव्यात, मादाम शापुईंना बढती द्यावी आणि डॉक्टर मोरेलांना महासंचालक नेमावं. बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत."

हात वर गेले. उपसचिव बाईंचा, म्हाताऱ्या प्राध्यापकांचा, मादाम शापुईंचा, आमचे सगळ्यांचे. मोरेलांनी एकवार सभागृहावरून नजर फिरवली. घोरणाऱ्या परिषदेवर त्यांना कितीदा रागावता आलं होतं. या जाग्या परिषदेवर कसं रागवावं ते त्यांना कळेना. मग त्यांचाही हात वर गेला. तो आपण उचलला नाही, असं त्यांना नंतर बरेच दिवस वाटत होतं, पण कोटाची बाही त्यांचीच होती.

टाळ्या झाल्या. महासंचालकांचं अभिनंदन करायला रांग लागली. प्रत्येक हस्तांदोलनाबरोबर मोरेलांच्या मेंदूत काहीतरी वाढलं जात होतं आणि कुणी ते उचलून नेत नव्हतं. गोड लागत होतं. आपल्या डोक्यात नेमकं काय चाललंय हे त्यांना पायरीपायरीनं ठाऊक होतं, आणि तरी ते गोडच लागत होतं.

सभेपर्यंतच्या खेपा त्यांनी चुकवल्या होत्या; पुढच्या आठवड्यात ते बाजारात गेले. मादाम बादोरनं त्यांना लांबूनच पाहिलं, एका गिऱ्हाईकाला थांबवून ठेवलं आणि सुरी खाली ठेवली.

"बोला, डॉक्टर," ती म्हणाली. "सोमवारी मी ती वरची अर्धी घेतली नाही. दिवसभर भिंतीकडे बघत बसले. आज सांगतो म्हणाला होतात. लागते का सवय?"

मोरेलांनी तोंड उघडलं. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. ती त्यांना पाठ होती, सबंध परिषदेला पाठ होती.

"कार्यपद्धती अज्ञात आहे, मादाम," ते म्हणाले. "पूर्वीपेक्षा जास्त."

तिनं त्यांच्या सूज उतरलेल्या गालाकडे पाहिलं. "तुमच्या दाढेची जखम भरलेली दिसतेय," ती म्हणाली. मग तिनं कडक चीजचा तुकडा कापला, तोलला, गुंडाळून दिला, आणि गल्ल्याशेजारच्या डबीतून एक गोळी काढून त्यांच्यासमोरच पाण्याबरोबर घेतली. मग अजून अर्धी.

आता तुमचं. गोष्ट वाचता वाचता तुम्हाला अधूनमधून गंमत वाटली असेल. मोरेलांचा हात वर गेला तेव्हा, काय एकेक माणसं असतात, असं मनात येऊन जरा बरंही वाटलं असेल. आपण त्यातले नाही, हे वाटणं भारी गोड असतं, आणि ते गोड कशानं लागतं त्याचं नाव तुम्हाला आता ठाऊक आहे. तुमच्या कचेरीत, तुमच्या सोसायटीच्या सभेत, तुमच्या घरातही बारा ते दोन असेलच. तिथं कोण झोपलंय आणि कोण गाडीच्या आवाजानं उठतंय, हे तुम्ही कधीतरी दाढ दुखत असताना पाहिलंही असेल. काय पाहिलंत ते मी विचारत नाही. विचारलं तर काय उत्तर द्यायचं ते तुम्हाला माहीत आहे, आणि ते द्यायला तुम्हाला गोळीही लागणार नाही.